एक प्रवास, चार मालक

ऑफिसला कशी जातेस, असं कुणी विचारलं की मी आपली ‘मेट्रोने’ म्हणून मोकळी होते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. दहिसरहून गुंदवलीपर्यंत मेट्रो ७. तिथून पूल ओलांडून मेट्रो वन. मरोळ नाक्याला उतरून जमिनीखालची मेट्रो ३ आणि बीकेसीला बाहेर पडलं की बेस्टची बस.

आता मालक मोजा. पहिली मेट्रो एमएमआरडीएच्या कंपनीची, म्हणजे राज्य सरकारची. दुसरी २०१४ पासून धावतेय, ती सरकार आणि खाजगी कंपनीच्या भागीदारीतली. तिसरी केंद्र आणि राज्य अशा दोघांची मिळून. आणि चौथी? बस लाल, नाव बेस्टचं, पण गाडी आणि ड्रायव्हर बऱ्याचदा कंत्राटदाराचे! मार्ग आणि भाडं तेवढं बेस्ट ठरवते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी संप केला तेव्हा मला हे पहिल्यांदा नीट उमगलं. म्हणजे एका सकाळीत मी चार मालक बदलते. अख्ख्या नोकरीत एवढे बॉस झाले नाहीत माझे!

या सगळ्यांची मोट बांधतो तो आपला मोबाईल. आणि गंमत म्हणजे तिथेही सरकारी-खाजगी खिचडी आहेच. लोकलचं टाइमटेबल आपल्या खिशात आणलं एम-इंडिकेटरने, आणि ते काही रेल्वेने काढलेलं ॲप नव्हतं. रेल्वेचं स्वतःचं मोबाईल तिकीट आलं २०१४ मध्ये. बेस्टमध्ये २०२१ च्या डिसेंबरात ‘चलो’ आलं, ते खाजगी कंपनीचं. मग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मुंबई वन’ आलं. लोकल, मेट्रो, मोनो आणि महापालिकांच्या बस धरून ११ सेवा एकाच ॲपमध्ये, शिवाय जोडप्रवासाला एकच तिकीट काढायची सोय. तीन मेट्रो बदलणारीला आणखी काय हवं?

तर तक्रार काहीच नाही. फक्त एक प्रश्न पडलाय, आणि तो पडला बस स्टॉपवर.

बीकेसीच्या स्टॉपवर एक मावशी भेटतात. जवळच्या ऑफिसात साफसफाईचं काम करतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. मला बघितलं की म्हणतात, “ताई, बघा ना जरा मोबाईलात, गाडी कुठवर आलीय?” मी सांगते, “सहा मिनिटं.” मग त्या थांबतात. पंधरा म्हटलं, की सरळ शेअर रिक्षाच्या रांगेत. बसचं कमीत कमी भाडं २०२५ च्या मे महिन्यात ५ रुपयांवरून १० झालं, तरी रिक्षापेक्षा बस स्वस्तच. म्हणजे ‘सहा मिनिटं’ या माहितीची त्यांच्यासाठी रोख किंमत आहे. ती माहिती माझ्या फोनवर असते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचते ती मी तिथे उभी असले तरच!

आता बघा, ती बस कुठे आहे ही माहिती नेमकी कुणाची? बस कंत्राटदाराची, मार्ग बेस्टचा, ॲप तिसऱ्याचंच. उद्या कंत्राट बदललं तर माहिती कुणाकडे राहणार? आणि मी रोज कुठे चढते, कुठे उतरते, याची नोंद?

लंडनने यावर साधासोपा फंडा शोधला. तिथल्या टीएफएल या सरकारी संस्थेने टाइमटेबल आणि गाड्यांची थेट ठिकाणं सगळ्यांसाठी खुली केली. कुणीही या, ॲप बनवा. २०१७ पर्यंत त्या माहितीवर ६०० हून जास्त ॲप्स चालत होती. सिटीमॅपर तिथलंच. धंदा खाजगी लोकांनी केला, माहिती मात्र शहराची राहिली. आणि बस किती मिनिटांत येईल हे तिथे कित्येक स्टॉपवरच्या पाट्यांवरही दिसतं. फोन असो वा नसो.

मला वाटतं, वाटणी अशीच हवी. ॲप चकाचक करायचं, पेमेंट पटकन करायचं, हे खाजगी कंपनीला झक्कास जमतं. करू दे की! पण गाडी कुठे आहे, किती वाजता येईल, भाडं किती, हे सार्वजनिक संस्थेच्या हातात राहायला हवं. कंत्राटात तसं स्पष्ट लिहायला हवं. आणि ती माहिती स्टॉपवरच्या पाटीवरही यायला हवी, नुसती आपल्यासारख्यांच्या स्क्रीनवर नाही.

आपण ऑफिसात दिवसभर ‘डेटा कुणाचा, ॲक्सेस कुणाला’ यावर मीटिंगा झोडतो. मग हाच प्रश्न आपल्या बसबद्दल विचारायला काय हरकत आहे? नवं ॲप आलं की आपण पहिल्यांदा कॅशबॅक किती ते बघतो. पुढच्या वेळी एवढंही बघा, की ज्याच्याकडे ते ॲप नाही, त्याची सोय कुठे केलीय.