ढगांत हरवलेले गुलमर्ग

काश्मीरला जाऊन आलेल्या आपल्या समाजातील कुटुंबांकडे गुलमर्गची जी छायाचित्रे असतात, त्यांत आकाश निळे, बर्फ पांढरे आणि मंडळी हसतमुख असतात. आमच्या वाट्याला आलेले गुलमर्ग निराळे होते. तेथे आकाश आणि जमीन यांतील सीमारेषाच पुसली गेली होती. तरीही त्या एका दिवसाने जे शिकविले, ते निळ्या आकाशाने शिकविले असते असे वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, पीर पंजाल पर्वतरांगेच्या कुशीत, सुमारे २,६५० मीटर उंचीवर हे विस्तीर्ण कुरण आहे. त्याचे जुने नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान युसूफ शाह चक याने त्यास गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले असे सांगतात. उन्हाळ्यात हे नाव सार्थ असते. हिवाळ्यात मात्र फुलांच्या जागी बर्फाचा थर येतो आणि देशोदेशीचे स्कीपटू येथे धाव घेतात. २०२० साली पहिल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडास्पर्धांतील एक भाग येथेच पार पडला.

येथील प्रमुख आकर्षण म्हणजे गंडोला, अर्थात रज्जुमार्ग. १९९८ साली सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो; २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा तेथून अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत पोहोचवितो. हा दुसरा टप्पा वाऱ्याच्या मर्जीवर चालतो. वारा वाढला की तो बंद होतो, आणि ते योग्यच आहे. जून २०१७ मध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात पहिल्या टप्प्यावर झाड कोसळून सात जणांना प्राण गमवावे लागले होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे, मी, सौभाग्यवती, चिरंजीव आणि बारा वर्षांचा नातू, तेथे मुक्कामास होतो. कामानिमित्त चिरंजीवांचे काही काळ युरोपात वास्तव्य झाल्याने त्यांना स्कीइंग चांगले अवगत आहे. मी आणि नातू मात्र नवशिके. रात्रभर बर्फ पडत होते. सकाळी खिडकीतून पाहिले, तर समोरचे हॉटेलही दिसेना. थेपले आणि गरम दूध घेऊन आम्ही निघालो. फाटकाशी आमचे प्रशिक्षक उभे होते. वय चाळिशीच्या आसपास, टंगमर्गजवळच्या गावचे, बोलणे मोजके. दुसरा टप्पा बंद असल्याचे त्यांनी आल्याआल्या सांगितले.

गुलमर्गच्या मुख्य मैदानातील सौम्य उतारावर आमचा वर्ग सुरू झाला. स्कीचे बूट म्हणजे पायाला घातलेली पेटीच. घोटा तसूभरही वळत नाही. पहिला धडा चालण्याचा, दुसरा पडण्याचा आणि तिसरा थांबण्याचा. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची आणि आतल्या कडांवर भार द्यायचा. नांगराच्या फाळासारखा तो आकार बर्फ ढकलीत वेग कमी करतो. नातवाला हे दहा मिनिटांत साधले. मला दुपार झाली. पण वेग वाढविण्यापूर्वी थांबणे शिकविणारी ही विद्या माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्यास मनापासून पटली.

खराब हवामानात थंडीहून मोठी अडचण उजेडाची असते, हे मला तेथे प्रथम कळले. ढग खाली उतरले की प्रकाश सर्व बाजूंनी सारखाच येतो आणि सावल्या नाहीशा होतात. सावली नसली की उंचवटा कोठे आणि खड्डा कोठे, हे डोळ्यांना उमगत नाही. आपण थांबलो आहोत की घसरत आहोत, याचाही क्षणभर भ्रम पडतो. अशा वेळी अनुभवी स्कीपटू झाडांच्या कडेने राहतात. सूचिपर्णी वृक्षांचे काळे बुंधे त्या पांढऱ्या शून्यात नजरेला आधार देतात.

अकराच्या सुमारास चिरंजीव आणि प्रशिक्षक पहिल्या टप्प्याने कोंगडोरीस गेले. पुढचा प्रसंग चिरंजीवांनी सांगितला तसा देतो. वर पर्यटकांचा एक गट भेटला. दुसरा टप्पा बंद असल्याने ती मंडळी नाराज होती. रुळलेली वाट सोडून बाजूच्या उघड्या उतारावर न्यावे, ठरलेल्या मेहनतान्याच्या दुप्पट देऊ, असा प्रस्ताव त्यांनी आमच्या प्रशिक्षकांपुढे ठेवला. आमच्या चिरंजीवांनाही मोह झाला. प्रशिक्षकांनी शांतपणे नकार दिला. कारणही सांगितले: रात्रीचे ताजे बर्फ जुन्या थरावर अजून बसलेले नाही, त्यातच वारा एका बाजूचे बर्फ उचलून दुसऱ्या बाजूस साठवीत आहे, असा साठा वरून मऊ गादीसारखा दिसतो आणि एका माणसाच्या वजनाने सबंध निसटतो. रक्कम पुन्हा वाढविण्यात आली. उत्तर तेच राहिले.

त्यांचा नकार समजण्यासाठी आधीचा इतिहास ठाऊक हवा. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग परिसरात हिमस्खलनाने लष्कराच्या प्रशिक्षण संस्थेतील १७ जवानांचा बळी घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू दगावले.

आणि त्या नकाराची किंमत समजण्यासाठी तेथील अर्थकारण पाहावे. स्कीइंगचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. प्रशिक्षक, स्लेज ओढणारे, बूट भाड्याने देणारे, साखळ्या लावलेल्या गाड्यांचे चालक, या सर्वांची वर्षाची मोठी कमाई त्यातच व्हायची. बर्फ जास्त झाले तर रस्ता बंद, न झाले तर धंदाच बंद. जानेवारी २०२४ मध्ये ऐन ‘चिल्लई कलान’च्या कडाक्यात गुलमर्ग कोरडे पडले होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी ‘खेलो इंडिया’च्या तेथील स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. अशा बेभरवशाच्या हंगामात हाती आलेले दुप्पट पैसे सोडणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

त्या दिवशी त्या उतारावर काहीही घडले नाही. कडा कोसळला नाही, कोणी अडकले नाही. रात्री चिरंजीव म्हणाले, “बाबा, गेलो असतो तरी चालले असते.” मी त्यांना बँकेतील एक अनुभव सांगितला. दिलेले कर्ज बुडाले की ते ताळेबंदात दिसते; न दिल्यामुळे वाचलेले भांडवल मात्र कोठेच दिसत नाही. नकार देणाऱ्याच्या बाजूने पुरावा कधीच उभा राहत नाही. म्हणून त्याचा निर्णय परिणामावरून न पाहता, त्या घटकेला त्याच्यासमोर जे होते त्यावरून पाहावा. आपल्या पेढ्यांवर बसणाऱ्या तरुण पिढीलाही हे उपयोगी पडावे. चिरंजीव काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसासाठी त्यांनी त्याच प्रशिक्षकांना आगाऊ सांगून ठेवले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मुक्कामात एकदोन दिवस राखीव ठेवा, म्हणजे हवामानाशी भांडण होत नाही. परतीचे विमान गुलमर्ग सोडण्याच्याच दिवशी ठेवू नका. टंगमर्गपर्यंतचा १३ किलोमीटरचा घाट बर्फात कधीही अडतो. चष्मा पिवळसर किंवा गुलाबी काचेचा घ्या, अंधुक उजेडात तोच कामी येतो. चौविहार पाळणाऱ्यांनी कोरडा शिधा जवळ ठेवावा आणि दुपारचे वर्ग लवकर आटोपावेत, कारण ढगाळ दिवशी दिवस फारच लवकर मावळल्यासारखा वाटतो. आणि प्रशिक्षक “आज नको” म्हणाले, तर त्या दिवसाचे पैसे त्यांना आवर्जून पूर्ण द्या.