मान्सून अंदमानात दाखल

यवतमाळच्या माणसाला अंदमान दोन वाटांनी भेटते. एकदा शाळेत, सावरकरांच्या काळ्या पाण्याच्या निमित्ताने. आणि त्यानंतर दर मे महिन्यात, वर्तमानपत्रात. मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी बहुधा मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते. तेव्हा आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो, वावरे नांगरून तापत पडलेली असतात आणि बंगालचा उपसागर ज्यांना नकाशावर दाखवता येणार नाही असे लोकही पारावर एकमेकांना विचारतात, "अंदमानात आला म्हन्ते?" तिथून विदर्भात पोचायला त्याला तीन-चार आठवडे लागतात, कधी अधिकही. पण तो निघाला आहे, एवढ्यावरच गाव धीर धरते.

आम्ही उभयतांनी अंदमानला जायचे ठरवले तेव्हा 'केव्हा' हा प्रश्न म्हणूनच साधा राहिला नाही. प्रवाससंस्थांचे उत्तर तयार असते: डिसेंबरअखेर ते एप्रिल. ते चुकीचे नाही. या बेटांवर पाऊस दोन वाऱ्यांचा. मेच्या उत्तरार्धापासून नैर्ऋत्येचा. तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा, आणि उपसागरातली वादळेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोर धरतात. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सुमारे तिप्पट. समुद्र खवळला की स्वराज द्वीपाकडे (२०१८ पर्यंतचे हॅवलॉक) जाणाऱ्या बोटी रद्द होतात आणि प्रवाळ पाहण्याइतके पाणी नितळ राहत नाही.

प्राध्यापकाला मोठ्या सुट्ट्या दोनच. दिवाळीत तिकडे ईशान्येचा पाऊस, इकडे कापसाची वेचणी. जानेवारी-फेब्रुवारीत हवा उत्तम. पण तेव्हा वर्ग ऐन भरात असतात. राहता राहिला मे.

खरे तर वेळापत्रकाची अडचण दुय्यमच. पाऊस चुकवायचा, हे क्रियापदच आमच्या जिभेवर बसेना. कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या घरात आम्ही वाढलो. तिथे पाऊस चुकतो, तो चुकवला जात नाही. पेरणीनंतर त्याने पंधरा दिवस दडी मारली की दुबार पेरणीचे बियाणे कुठल्या उधारीवर आणायचे, याची कुजबुज रात्री अंथरुणातून ऐकलेली आहे. 'पाऊस केव्हा नसेल?' असे पर्यटकाने विचारणे रास्तच. आम्हांला मात्र ते विचारताना कोणी ऐकत तर नाही ना, असे वाटत राहिले.

एका सहकाऱ्यांनी वेगळीच तारीख सुचवली. सावरकर ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासूनचे श्री विजयपुरम) उतरले, म्हणजे भर पावसाळ्यात. कैद्याला ऋतू निवडता येत नाही, तर यात्रेकरूने तरी तो का निवडावा? युक्तिवाद आकर्षक आहे, पण आम्हांला पटला नाही. परतीचे तिकीट खिशात ठेवून ओलेचिंब झाल्याने जन्मठेप कळत नाही. कागद-लेखणी हाती नसताना 'कमला'सारखे काव्य ज्या भिंतींआड रचले आणि स्मरणात जपले गेले, तिथे उभे राहायला वाचन लागते, भिजणे नव्हे. (या विधानाला विद्यार्थ्यांकडून विरोध झाला, तो आम्ही नोंदवून ठेवला आहे.)

अखेर १४ ते २२ मे ठरले. हे दिवस काठावरचे आहेत याची जाणीव आहे. म्हणून क्रम उलटा लावला: बोटीने जायची बेटे आधी, सेल्युलर जेल शेवटी. अखेरच्या दोन दिवसांत बोटीवर काहीच अवलंबून नाही. एरवी माणसे जेलपासून सुरुवात करतात.

घरी बाबांना तारखा सांगितल्या. त्यांनी दिनदर्शिका पाहिली, बोटांवर काही मोजले आणि म्हणाले, "भेटला त म्हना, यंदा रस्त्यात थांबू नको."

तो त्या दोन दिवसांत आला तर जेलच्या मधल्या मनोऱ्यावरून येताना दिसेल. त्याहून अधिक थांबणे नाही. मृगाआधी बियाण्याची आणि खताची सोय लावायची आहे.