सगळं नवंच, हा हट्ट मी सोडला

शाळा उघडताना पोरांना सगळं नवं घ्यायचं, तिथं हात आखडायचा नाही, असं माझं ठाम मत होतं. त्यावरून मी घरात भांडलेही आहे. माझी शाळा चुलतबहिणींच्या जुन्या पुस्तकांवर आणि उसवलेल्या दप्तरावर झाली. वर्गात ते दप्तर मी पायाशी लपवून ठेवायचे. काटकसर करायची तर साडीत करू, सणात करू, पोरांच्या दप्तरात नको, असं मी म्हणायचे. आता तसं म्हणत नाही. ते का, हे मोकळेपणानं सांगावंसं वाटतं.

आमच्या बेंबळीत जून म्हणजे पेरणी. शाळेची घंटा आणि मिरगाचा पाऊस एकाच सुमाराला येतात. सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं त्याच दिवसांत रोख मागतं. घरात पैसा येतो तो दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन विकल्यावर. म्हणजे वह्या-दप्तरांची खरेदी वर्षातल्या सगळ्यात ओढाताणीच्या दिवसांत, तीही उधारीवर. आणि उधारीवर घेणाऱ्याला घासाघीस करता येत नाही. दुकानदार काढून देईल ती वही आणि सांगेल तो भाव.

हे मला कळत नव्हतं असं नाही, पण सगळी भिस्त सोयाबीनवर होती. 2024 च्या हंगामात क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव असताना बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत तर धाराशिव जिल्ह्यात हातातोंडाशी आलेली पिकं पाण्याखाली गेली. त्या दिवाळीत आमची उधारी फिटली नाही. तेव्हा कुठं मी कागद-पेन घेऊन बसले आणि जूनमध्ये काय काय आणलं होतं ते लिहून काढलं.

त्यातलं बरंच काही घरात होतंच. धाकट्याचं दप्तर नुसती चेन लागत नाही म्हणून अडगळीत पडलं होतं. रनर बदलला आणि ते पुन्हा वापरात आलं. वार्षिक परीक्षा झाल्यावर माळ्यावर टाकलेल्या वह्या खाली काढल्या, तर बहुतेकांची मागची पानं कोरी. ती सोडवून घेतली, कडा जुळवल्या, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवली आणि वर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून चढवलं. गणिताच्या कच्च्या कामाला अशा वह्या छान चालतात. लेखी अभ्यासाच्या वह्या मात्र नव्याच लागतात. त्या आता बचत गटातल्या आम्ही काही जणी मिळून धाराशिवहून डझनाच्या भावानं आणतो, रोख पैसे देऊन. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटीही गेला आहे. भाव विचारताना हे ध्यानात असावं.

पुस्तकांच्या बाबतीत मन वळायला वेळ लागला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. नववीला विकत घ्यावी लागतात. शेजारची मुलगी दहावीत गेली तशी तिची पुस्तकं मी मागून आणली, पण आमच्या लेकीला कमीपणा वाटेल म्हणून कपाटात ठेवून दिली. तिनं ती स्वतःच शोधली. भूमितीच्या पुस्तकात समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपणं होती. "आई, ताईनं कुठं चुकतं ते लिहून ठेवलंय, हे नव्या पुस्तकात कुठून मिळणार?" म्हणाली. मी इतकी वर्षं जपलेली लाज माझीच होती, तिला ती नव्हतीच. जुनी पुस्तकं घेण्याआधी शाळेत विचारून मात्र घ्यावं. 2025-26 पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आहे आणि वरच्या इयत्तांचाही टप्प्याटप्प्यानं बदलणार आहे.

मोफतचं घेणं मला पूर्वी हलकेपणाचं वाटायचं. आता तो पोरांचा हक्क वाटतो आणि तो मी मागून घेते. सरकारी शाळेत आठवीपर्यंत गणवेशाचे दोन जोड मिळतात. 2023-24 पासून सगळ्याच मुलांना. 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश देण्याच्या नादात कितीतरी पोरं अर्धं वर्ष जुन्याच कपड्यांत शाळेत गेली. पुढच्या वर्षापासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. या समितीत पालक असतात, तेव्हा बैठकीला जायलाच हवं. धाराशिवला शिकायला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावी एसटीचा प्रवास फुकट आहे. तरी पास काढायला उशीर करून तिकिटाचे पैसे घालवणारी घरं मी पाहते, तेव्हा जीव तुटतो. ठरावीक दुकानातूनच साहित्य घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. राज्य सरकारचा तसा निर्णय 2004 सालचा आहे. नात्यातल्या एकीला खासगी शाळेनं असं सांगितलं, तर ती निमूट पैसे मोजून आली. पूर्वी तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आता करणार नाही.

बुटांच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे. पाय वाढतो, चावणारा बूट पोराला दिवसभर छळतो, तिथं जुनं चालवायचं नाही. सासूबाईंना हे सगळंच पटलेलं नाही. पहिल्या दिवशी नव्या दप्तराला हळद-कुंकू लावायची त्यांची हौस असते, आणि ती मला मोडवत नाही. म्हणून दरवर्षी एकेका लेकराला आळीपाळीनं नवं दप्तर, असं ठरलं आहे. त्यासाठी दिवाळीपासून दर महिन्याला गटात थोडे पैसे वेगळे टाकते. दहावीची परीक्षा संपली की गावातली पुस्तकं रद्दीत जाण्याआधी आम्ही घरोघर जाऊन मागून आणतो.