डंकर्ड ओढ्यापर्यंत

नकाशा १७६८ सालचा, फिलाडेल्फियात छापलेला. जेम्स स्मिथर या कारागिराने तो कोरला. मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनिया या इंग्रजांच्या दोन वसाहतींमधली हद्द दाखवायची, एवढेच त्याचे काम. म्हणून रेषेच्या अल्याड-पल्याडचा मुलूख तेवढा काढला आहे. आडवे जाणारे ओढे, बारीक रेघांनी उठवलेले डोंगर, आणि त्या सगळ्यांतून पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली सरळ रेषा. डोंगराला वळसा नाही, नदीसाठी थांबणे नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये याची एक प्रत आहे. तिचे छायाचित्र मी पुन्हा पुन्हा उघडून बघते. बघते ते रेषेच्या सरळपणासाठी नव्हे, ती जिथे संपते त्या जागेसाठी.

भांडण जुने होते. इंग्लंडच्या एका राजाने १६३२ साली कॅल्व्हर्ट घराण्याला मेरीलँडची सनद दिली आणि १६८१ साली दुसऱ्या राजाने विल्यम पेनला पेनसिल्व्हेनियाची. दोघांची हद्द ४०व्या अक्षवृत्ताच्या आसपास घातली. पण ते अक्षवृत्त जमिनीवर नेमके कुठे पडते, हे लंडनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे उलगडा झाला की ते फिलाडेल्फियाच्याही उत्तरेला आहे. म्हणजे सनदेचा शब्द धरला, तर पेन यांचे सगळ्यात मोठे शहरच मेरीलँडच्या पदरात पडत होते. मग पिढ्यान् पिढ्यांचा दावा, एकाच शेतावर दोन्हीकडून करवसुली, १७३०च्या दशकात तर बंदुका घेऊन एकमेकांवर चालून जाणे. अखेर इंग्लंडच्या न्यायालयात तोड निघाली: फिलाडेल्फियाच्या अगदी दक्षिण टोकापासून १५ मैल खाली हद्द धरायची आणि तिथून सरळ पश्चिमेला जायचे. ती आखायला दोन्ही घराण्यांनी इंग्लंडहून दोघांना आणले. चार्ल्स मेसन खगोलज्ञ, जेरेमाया डिक्सन भूमापक. सूर्यबिंबावरून जाणारा शुक्र टिपायला दोघे १७६१ साली केप ऑफ गुड होपला एकत्र गेले होते, त्यामुळे एकमेकांचा हात माहीत होता.

त्यांच्या कामापुढे मी मनापासून नतमस्तक होते. जंगलात सरळ रेषा डोळ्यांनी मारता येत नाही, आणि अक्षवृत्त तर पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत जाते. म्हणून त्यांनी ताऱ्यांचा आधार घेतला. जॉन बर्डने घडवलेले एक उंच दुर्बीणयंत्र त्यांच्याकडे होते. धक्का लागू नये म्हणून ते गाडीत गादीवर ठेवून नेत. मुक्कामावर तंबूत ते उभे करायचे, खाली उताणे पडायचे आणि बरोबर डोक्यावरून जाणारे ठरावीक तारे रात्रीमागून रात्री टिपायचे. दिवसा कुऱ्हाडवाले पुढे होऊन झाडे पाडत, रुंद पट्टा मोकळा करत, आणि मागून साखळी पडत जाई. अकरा-बारा मैल झाले की पुन्हा यंत्र, पुन्हा तारे, पुन्हा दुरुस्ती. ही साखळी गंटरची, ६६ फुटांची. आपल्याकडे पूर्वी मोजणीला येणारी शंकूसाखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची, १६ आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपल्या सातबाऱ्यावरचा गुंठा आणि ती अमेरिकेतली हद्द एकाच मापाने मोजलेली आहेत, हे कळले तेव्हा तो नकाशा मला परका वाटेनासा झाला.

हद्दीचे दगड इंग्लंडमधल्या पोर्टलँडच्या खाणीतले, जहाजातून समुद्रापार आणलेले. मैलाच्या दगडाला उत्तरेच्या अंगावर पेनसिल्व्हेनियाचा ‘पी’, दक्षिणेच्या अंगावर मेरीलँडचा ‘एम’. दर पाचव्या मैलाचा दगड थोरला: एकीकडे पेन घराण्याचे कुलचिन्ह, दुसरीकडे कॅल्व्हर्टांचे. शेकडो पौंडांचे हे धोंडे साइडलिंग हिलच्या पुढे चढवणे जमले नाही. त्यापुढे दगडमातीचे ढीग रचून हद्द दाखवली.

आपल्याकडे मोजणी लागली की लगतदारांना नोटीस जाते. माणसे बांधावर येऊन उभी राहतात, जुन्या खुणा दाखवतात, कुणाची हरकत असेल तर ती नोंदवली जाते. जमिनीची हद्द तिथे वावरणाऱ्यांना विचारून ठरवायची, हा साधा न्याय त्यामागे आहे. मेसन-डिक्सनच्या रेषेवर मालकांची कुलचिन्हे दगडात कोरली गेली. त्या जंगलात पिढ्यान् पिढ्या शिकार करणारे, मका पिकवणारे, वाटा पाडणारे लोक मात्र ना सनदेत होते, ना दाव्यात.

आणि त्यांचे काय चालले होते, हे मेसनला ठाऊक होते. दोघे फिलाडेल्फियात उतरून महिना होतो न होतो, तोच १४ डिसेंबर १७६३ रोजी ‘पॅक्सटन बॉईज’ म्हणवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीने मूळ रहिवाशांच्या कॉनेस्टोगा वस्तीतल्या सहा जणांना ठार केले. वस्तीतले उरलेले १४ जण लँकेस्टर गावात, सरकारी वर्कहाउसमध्ये आसऱ्याला ठेवले होते. २७ डिसेंबरला टोळी तिथेही शिरली आणि बायका-मुलांसकट सगळ्यांना मारले. त्या वस्तीचे पेन घराण्याशी सलोख्याचे करार होते. तेही कामी आले नाहीत. १७६५च्या जानेवारीत, काम थंडीमुळे थांबलेले असताना, मेसन मुद्दाम लँकेस्टरला ती जागा बघायला गेला. त्याच्या रोजनिशीत पानेच्या पाने आकडे आहेत: तारे, कोन, मैल, साखळ्या. त्या रुक्ष वहीत या हत्येबद्दल मात्र त्याने कठोर शब्दांत लिहून ठेवले आहे. मला तो माणूस म्हणून कळला तो त्या नोंदीत.

रेषा पश्चिमेला ॲलेगेनी डोंगर ओलांडायला निघाली तेव्हा विचारण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तो मुलूख सहा राष्ट्रांच्या, म्हणजे इरोक्वॉय संघाच्या, अधिकारातला. मूळ रहिवाशांशी इंग्रज सरकारचा व्यवहार पाहणाऱ्या सर विल्यम जॉन्सनमार्फत बोलणी झाली, परवानगी मिळाली आणि १७६७च्या जुलैत संघाची माणसे सोबतीला आली. मोनोंगाहिला नदीपाशी २६ मजूर काम सोडून गेले; पलीकडच्या शॉनी आणि डेलावेअर लोकांची त्यांना भीती वाटत होती. थोडी माणसे घेऊन मेसन-डिक्सन पुढे सरकले. ९ ऑक्टोबरला रेषेला एक पायवाट आडवी आली. लढाईला जाणाऱ्या योद्ध्यांची ती जुनी वाट होती. तिच्या जवळच डंकर्ड नावाचा ओढा. सोबत आलेल्या प्रमुखाने सांगितले, आमच्या वडीलधाऱ्यांनी दिलेली परवानगी या वाटेपर्यंतची. यापुढे एक पाऊलही नाही. मेसनने ते जसेच्या तसे नोंदवले. आसपास शेवटची निरीक्षणे उरकली, जवळच्या टेकडीवर शेवटची खूण केली, आणि २३३ मैलांवर रेषा संपली. पेनसिल्व्हेनियाच्या ठरलेल्या टोकापर्यंत अजून बरेच अंतर बाकी होते.

या सगळ्या मोजणीत लगतदाराची हरकत ऐकली गेली ती या एका जागी. सनदा, न्यायालये, तारे आणि पोर्टलँडचे दगड यांपैकी कशालाही जे अडले नाही, ते काम एका पायवाटेवर, एका माणसाच्या शब्दावर थांबले. तो शब्द पाळला गेला, याचे श्रेय मी त्या दोन इंग्रजांनाही देते.

पुढे ही रेषा जगाला ठाऊक झाली ती वेगळ्याच कारणाने. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. मेरीलँडमध्ये ती १८६४पर्यंत राहिली. गुलामगिरीत जन्मलेली हॅरिएट टबमन १८४९ साली मेरीलँडमधून पळून पेनसिल्व्हेनियात पोचली, आणि मग इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा मागे गेली. पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५०च्या कायद्याने तर हद्दीपलीकडे पोचलेल्यांना धरून नेणे आणखी सोपे केले. कुलचिन्हांच्या दगडांशी त्या माणसांचे काही देणेघेणे नव्हते. तरी त्यांचे जिणे-मरणे त्याच रेषेवर ठरत होते.

आणि डंकर्ड ओढ्यापलीकडचा मुलूख? नकाशा छापला त्याच वर्षी, १७६८च्या नोव्हेंबरात, फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय संघाने ओहायो नदीच्या दक्षिणेचा प्रदेश इंग्रजांना लिहून दिला. तिथे शिकार करणाऱ्या शॉनींना तो तह मान्य नव्हता. उरलेली रेषा १७८४ साली दुसऱ्या भूमापकांनी पुरी केली.

फिलाडेल्फिया-बाल्टिमोरकडे आपली पुष्कळ माणसे राहतात, सुट्टीत पाहुणेही जातात. हद्दीचे ते दगड अजून शेतांच्या कडेला उभे आहेत; ते अवश्य बघा. पण वाट थोडी वाकडी करून लँकेस्टरलाही जा. वर्कहाउस आणि गावचा तुरुंग होता त्या जागेवर १८५२ साली बांधलेले फुल्टन थिएटर आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला जुन्या तुरुंगाची भिंत आजही आहे.