मागें राहिलेले बीजकोश

“पिशवीच काढून टाकली, आतां दुखायला उरलें आहे काय?” असें आमच्या सासूबाईंनीं थोरल्या जाऊबाईंना विचारलें, तेव्हां मीही मनांतून सासूबाईंच्याच बाजूची होतें, हें आज कबूल केलेलें बरें.

जाऊबाईंच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. एकेचाळिसाव्या वर्षीं गर्भाशयांतल्या गांठींपायीं रक्तस्राव हाताबाहेर गेला, औषधें थकलीं आणि गर्भाशय काढणें भाग पडलें. त्या वेळीं घरांत खल झाला तो एवढाच, कीं पोट उघडायचें कीं दुर्बिणीनें करायचें! दुर्बिणीच्या साहाय्यानें ही शस्त्रक्रिया १९८८ सालीं अमेरिकेंत प्रथम झाली, हेंही भावोजींनीं आम्हांस वाचून दाखविलें. शक्य असेल तेथें योनिमार्गच बरा, पोटावर छेद नाहीं व बाई लौकर हिंडूं लागते, असें डॉक्टरीणबाईंनीं समजावलें. पण गर्भाशय नारळाएवढें वाढलेलें, तेव्हां पोट उघडावें लागलें. बीजकोशांचें काय, हा प्रश्न मात्र आम्हां कोणालाच सुचला नाहीं.

ते दोन्ही ठेवले होते, आणि तें योग्यच झालें. पाळीच्या वयांत ते काढले तर ऋतुनिवृत्ति एकाएकीं अंगावर येते. हाडें ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. परंतु ठेवलेले बीजकोशही पूर्वीसारखेच राहतील असें नाहीं. त्यांना रक्त दोन वाटांनीं मिळतें: एक महारोहिणीपासून निघालेल्या स्वतःच्या रोहिणीनें, दुसरी गर्भाशयाच्या रोहिणीच्या फांदीनें. ही दुसरी वाट शस्त्रक्रियेंत बांधली जाते. त्यामुळें कांहीं स्त्रियांना ऋतुनिवृत्ति दोन-चार वर्षें अगोदर येते. आणि पाळी आधींच थांबलेली असल्यानें ती ओळखूं येत नाहीं. क्वचित् एखादा बीजकोश आंतल्या व्रणांनीं आंतड्याला चिकटतो. त्याचें मासिक काम तर चालूच असतें. मग त्यांत पाण्याची गांठ धरते व कळा येऊं लागतात.

जाऊबाईंचें नेमकें हेंच झालें होतें. सोनोग्राफींत डावीकडे गांठ दिसेपर्यंत आठ महिने त्या ओट्याला टेकून स्वयंपाक करीत होत्या, आणि आम्ही वायु समजून त्यांना ओवा देत होतों.

‘पिशवी’ या शब्दानेंच घात केला, असें मला वाटतें. पिशवी म्हटली कीं रिकामी झाल्यावर टाकून द्यायची! २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची चौकशी झाली, तेव्हां ऐन तारुण्यांत गर्भाशय काढलेल्या कितीतरी जणी आढळल्या. त्यांना पुढें कळा आल्या असतील, तर ओवा तरी कोणी दिला असेल?

दुसरी शस्त्रक्रिया दुर्बिणीनें झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हां सर्वांच्या आधीं सासूबाईच पुढें झाल्या.

“उजवीकडचा ठेवलात ना?” एवढेंच त्यांनीं विचारलें.