तांबडी शाई

माझ्याबरोबर प्रवास करण्याचे माझ्या घरातील मंडळींनी आता जवळजवळ सोडून दिले आहे. मी घोरतो किंवा खिडकीच्या जागेसाठी भांडतो, असे काही याचे कारण नाही. रस्त्याच्या दुतर्फा जितक्या म्हणून इंग्रजी पाट्या दिसतील तितक्या वाचावयाच्या आणि त्यांतील चुका मोठ्याने सांगावयाच्या, ही खोड मला फार वर्षांपासून जडली आहे, एवढाच माझा अपराध. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागले, की माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी उभारलेल्या खाणावळी लागतात. तेथे थंडगार बिअर मिळते, असे मालकाला सांगावयाचे असते. परंतु ‘चिल्ड’ या शब्दातील एक ‘एल’ आणि एक ‘ई’ रंगाऱ्याने गिळल्यामुळे त्या पाटीवर बालकांची बिअर अवतरते. गेल्या वैशाखात शहापूरच्या बाजारातून जात असता फुलांनी सजविलेली एक मोटार पुढे चालली होती. तिच्या पाठीमागे वधूवरांची नावे होती, आणि खाली विवाहसमारंभ असे इंग्रजीत लिहिताना एका ‘डी’च्या जागी ‘ई’ पडल्यामुळे त्या उभयतांचा बेणणी-समारंभ जाहीर झाला होता. भाताच्या मुलखात शेतातले तण काढण्याला महत्त्व आहे हे खरे. पण ते श्रावणात, वैशाखात नव्हे. हा विनोद मी पत्नीला सांगितला. ती म्हणाली, “अहो, लग्न नीट लागलं ना त्यांचं? मग झालं तर!”

माझ्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. अजूनही नाही. तथापि चीड काही उत्तरावर अवलंबून नसते.

या भागातील एका महाविद्यालयात पंचवीसहून अधिक वर्षे मी इंग्रजी शिकवीत आहे. एवढ्या काळात उत्तरपत्रिकांवर मी जी तांबडी शाई ओतली, तिच्यात भातसेच्या धरणाएवढे नसले तरी एखाद्या पाझर तलावाएवढे पाणी सहज भरेल. चुका त्याच, विद्यार्थी तेवढे नवे. हरवण्याच्या ‘लूज’ला एक ‘ओ’ आणि सैल असण्याच्या ‘लूज’ला दोन, हे मी दर वर्षी जूनमध्ये सांगतो, आणि दर वर्षी मार्चमध्ये मुले हरवलेल्या वस्तूला तो दुसरा ‘ओ’ दान करतात. कागद-पेन्सिलींची ‘स्टेशनरी’ निराळी, जागच्या जागी उभी असलेली ‘स्टेशनरी’ निराळी. महाविद्यालयाचे ‘प्रिन्सिपल’ एक आणि आयुष्यात बाळगावयाचे ‘प्रिन्सिपल’ दुसरे. (या दोहोंची गाठ क्वचितच पडते, हे अलाहिदा.) आता हे लिहिताना माझ्या ध्यानात येते, की देवनागरीत या जोड्यांमधला फरक वाचकाला दाखविण्याची सोयच नाही. इंग्रज निदान ‘लूज’चे दोन उच्चार करतो, आपण दोन्हींना एकाच आवाजात हाक मारतो. ज्या मुलाची लिपी त्याला ‘ऐकशील तसे लिही’ असे बाळपणापासून शिकविते, त्याने ऐकले तसे लिहिले तर तो अडाणी नसतो, उलट आज्ञाधारक असतो. हे मला कळते. कळले तरी पेन थांबत नाही.

शब्दयोजनेची तऱ्हा याहून न्यारी. रजेच्या अर्जात मुलांचे आजोबा मरत नाहीत. औषधाच्या बाटलीप्रमाणे त्यांची मुदत संपते. ‘प्रीपोन’ हा शब्द तर मी इतक्या वेळा खोडला आहे, की त्याची गणती नाही. पुढे ढकलण्यासाठी ‘पोस्टपोन’ आहे तर अलीकडे ओढण्यासाठी ‘प्रीपोन’ का नसावा, हा आपल्या लोकांचा तर्क बिनतोड होता, आणि अखेर ऑक्सफर्डच्या कोशकारांनीही तो शब्द आपल्या कोशात घेतला. म्हणजे इतकी वर्षे मी जे गुण कापले ते परत करावयास हवेत. मी केले नाहीत. वर्गात तो शब्द कानी पडला की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते.

खुद्द इंग्रजीच्या घरी डोकावून पाहावे तर तेथेही सोवळे फारसे जुने नाही. शेक्सपिअरच्या म्हणून ज्या सहा सह्या मानल्या जातात, त्यांत त्याने स्वतःचे नावसुद्धा एका पद्धतीने लिहिलेले नाही. डॉ. जॉन्सनचा कोश निघाला १७५५ साली. तोवर एकाच शब्दाला दोन-तीन पोशाख असणे हे सभ्य माणसाला लाजिरवाणे वाटत नसे. आणि विद्वानांनी केलेल्या चुका तर नियम होऊन बसल्या आहेत. बेटाला जो ‘आयलंड’ शब्द आहे, त्यातला मुका ‘एस’ मुळात तेथे नव्हता. लॅटिन शब्दाशी नसलेले नाते जोडून पंडितांनी तो मागाहून घुसडला. आता मुरबाडचा एखादा मुलगा तो ‘एस’ गाळून शब्द लिहितो, तेव्हा इतिहास त्याच्या बाजूने असतो आणि गुणपत्रिका माझ्या बाजूने.

ठाण्याची गोष्ट सांगतो. ‘मॅकबेथ’ शिकवावयास घेतले, की पहिल्याच अंकात एक हशा ठरलेला असतो. स्कॉटलंडातील सरदाराला ‘थेन’ अशी पदवी होती, आणि तिचे स्पेलिंग व आमच्या जिल्ह्याचे आजचे स्पेलिंग यांत एका अक्षराचाही फरक नाही. चेटकिणी मॅकबेथला कॉडॉरचा थेन म्हणून हाक मारतात आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, “सर, हा ठाण्याचा का?” इंग्रज आपल्या अमदानीत ‘थाना’ असे लिहीत, ते बदलून आपण शेवटी ‘ई’ लावला आणि कळत नकळत मॅकबेथला जिल्ह्याचे वतन दिले. आसनगावापासून कसाऱ्यापर्यंतच्या स्टेशनांच्या पाट्याही अशाच मौजेच्या. तानशेतचे इंग्रजी रूप वाचले, तर शेवटी कोणी आपल्याला ‘बसा’ म्हणत आहे असे वाटते. आणि उंबरमाळीच्या प्रारंभी जे दोन ‘ओ’ आहेत, ते पाहून कोणा साहेबाने आश्चर्याने डोळे विस्फारले असावेत असा भास होतो. या पाट्यांवर मात्र मला कधी राग येत नाही. त्यांवरून गाडी चुकत नाही, म्हणून असेल. की त्या सरकारी आहेत म्हणून?

माझा राग निवडक आहे, ही शंका मला प्रथम पुण्याच्या एका चर्चासत्रात आली. निबंध वाचताना मी ‘एपिटमी’ या शब्दाचा उच्चार ‘एपिटोम’ असा केला. पुढच्या रांगेतील दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मंद स्मित केले. बस्स, एवढेच. पण ते स्मित मी ओळखले, कारण ते माझेच होते. मी इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला माझ्याकडून गिरवून घेतली; पुढे ग्रंथालयातील पुस्तके वाचली; पण तो शब्द तोंडाने उच्चारणारा माणूस भेटण्यापूर्वी मी तो शंभर वेळा लिहून मोकळा झालो होतो. माझ्या विद्यार्थ्यांचे नेमके उलटे आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवू लागले. ही मुले ते शाळेत, दूरदर्शनवर, खिशातल्या फोनवर ऐकत वाढली. ती डोळ्याने चुकतात, मी कानाने चुकलो.

तांबड्या शाईचा वारसा मला आजोबांकडून आला. शाळेत असताना मी त्यांना मराठीत पत्रे लिहीत असे, आणि त्यांच्या उत्तराच्या लिफाफ्यात माझे पत्रही परत येत असे, सर्वांगाला गोवर उठल्यासारखे तांबड्या टिंबांनी भरलेले. ‘नाव’ याचे ‘नांव’, ‘काही’ याचे ‘कांहीं’, ‘घरे’ याचे ‘घरें’. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ सालच्या नियमांनी रद्द झाले होते. मास्तरांनी मला शिकविले ते नवे लेखन, आजोबा लिहीत ते जुने. एका सरकारी निर्णयाने आयुष्यभर शुद्ध लिहिणारा माणूस म्हातारपणी अशुद्ध ठरला, आणि त्या वेळी मला त्याची फक्त गंमत वाटली. आजोबा अखेरपर्यंत टिंबे देत राहिले.

येथवर सारे खेळीमेळीचे झाले. आता गेल्या पावसाळ्यातील एक दुपार सांगावयाची आहे.

सरळगावच्या पलीकडील एका ठाकूर पाड्यातून एक मुलगी आमच्याकडे येते. एस. टी. मिळाली तर किन्हवलीवरून दीड तास, न मिळाली तर विचारू नये. तिची शिष्यवृत्ती दोन वर्षे अडली होती, आणि अडली होती ती आडनावातील एका ‘व’पायी. मराठीत ‘व’ एकच. इंग्रजीत तो उतरविताना कोणी ‘डब्ल्यू’ काढतो, कोणी ‘व्ही’. दोघेही चूक नाहीत. तिच्या आधारपत्रावर पहिला होता, बँकेच्या पुस्तकावर दुसरा. संगणकाच्या मते या दोन निरनिराळ्या मुली होत्या, आणि दोघींपैकी एकीलाही पैसे देण्याचे कारण नव्हते. मराठीत ते आडनाव लिहिताना आजवर कोणाची चूक झाली नव्हती, होणे शक्यही नव्हते. परंतु मराठी कोणी विचारीत नव्हते. बँकेने कार्यालयाकडे पाठविले, कार्यालयाने केंद्राकडे, केंद्राने प्रतिज्ञापत्र करावयास सांगितले. ऐन आवणीच्या दिवसांत तिच्या वडिलांचे किती खाडे पडले असतील, ते त्यांनी सांगितले नाही. ते माझ्या खोलीच्या दाराशी छत्री मिटवून उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, नाव एकच आहे, लिहिणारे दोन झाले.”

वरच्या कार्यालयाला अर्ज इंग्रजीत हवा होता. तो तिने रात्री जागून स्वतः लिहिला होता, आणि मी नजर घालावी एवढ्यासाठी आणला होता. तिसऱ्या ओळीत वाक्य होते, की चूक दुरुस्त झाली नाही तर मी माझी शिष्यवृत्ती गमावीन. आणि तेथे गमावण्याला दोन ‘ओ’ होते. माझ्या हाताने काय केले, हे हाताने ते केल्यावर मला कळले. तांबड्या पेनाने मी तो शब्द गोलात घातला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आठ ओळींत अकरा गोल झाले. ती त्या गोलांकडे पाहत होती, आणि तिच्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक तिचे वडील पाहत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही; पण तांबडा रंग वाचता येतो.

“सर, अर्ज घेणार नाहीत का आता?” तिने विचारले.

चुकांना महत्त्व नाही असे मी तिला सांगू शकलो नाही, कारण ते खरे नव्हते. हाच अर्ज मुंबईतील एखाद्या टेबलावर गेला असता, तर तो दुसरा ‘ओ’ पाहून तेथील माणसाने पुण्यातले ते स्मित केले असते आणि कागद खाली सारला असता. मी म्हणालो, “मी लिहून देतो.” महाविद्यालयाचा छापील कागद घेतला आणि एकाग्र होऊन लिहिले. अमुक नावाच्या दोन विद्यार्थिनी नसून एकच आहे, मी तिला दोन वर्षे ओळखतो, तिचे नाव बँकेने आधारपत्राप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. व्याकरण निर्दोष होते. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. झोकात सही केली आणि कागद तिच्या हाती दिला.

तिने तो बोट ठेवून, शब्दाशब्दाला थांबत वाचला. एकदा खालपर्यंत, पुन्हा वरपासून. मग काहीशा संकोचाने ती म्हणाली, “सर, वरती डब्ल्यू आहे. खाली तुम्ही व्ही घातलाय.”

मी कागद घेऊन पाहिला. होता खरा.

टेबलावर ते तांबडे पेन पडले होते. त्याला आमच्यापैकी कोणीच हात लावला नाही. सरळगावकडील पाचची गाडी सुटावयास वीस मिनिटे होती, आणि बाहेर पाऊस धरला होता. मी दुसरा कागद ओढला, तिच्या वडिलांना आत बोलावून खुर्चीवर बसविले, आणि तिला म्हणालो, “तू एकेक अक्षर सांग. मी लिहितो.”