काचेवरचा साक्षीदार

आमच्या पाथर्डीकडच्या मोटारींच्या पुढच्या काचेवर जागेची टंचाई पूर्वापार आहे. मधोमध मोहटादेवी, एका बाजूला मढीचे कानिफनाथ, दुसऱ्या बाजूला भगवानबाबा. उरलेल्या फटीतून ड्रायव्हरने रस्ता बघायचा. या तिघांना पुढचे-मागचे सगळे दिसते, याबद्दल तालुक्यात दुमत नाही. अडचण एवढीच की, त्यांच्यावर समन्स बजावता येत नाही. म्हणून अलीकडे आरशामागे एक चौथी मूर्ती बसू लागली आहे. तिला डॅशकॅम म्हणतात.

मूर्ती बसवणे सोपे, प्राणप्रतिष्ठा अवघड. प्राणप्रतिष्ठा म्हणजे सेटिंग. आमच्याकडे मूर्ती आली आणि घरात एकदम दोन पंथ निघाले. मेहुणे पुण्याचे. ते म्हणाले, "दाजी, फोर-केच ठेवा. त्याशिवाय नंबरप्लेट वाचता येत नाही." चिरंजीव म्हणाले, "बाबा, फोर-के राहू द्या, साठ फ्रेम ठेवा."

मी पडलो कॉमर्सचा माणूस. ताळेबंद मांडल्याशिवाय मला कुठल्याच पंथात जाता येत नाही. टेन-एटी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २०,७३,६०० ठिपके. फोर-के म्हणजे ८२,९४,४००. बरोबर चौपट! पण कॅमेरा कार्डावर सेकंदाला किती मजकूर लिहितो, ज्याला बिटरेट म्हणतात, तो बऱ्याच कॅमेऱ्यांत चौपट होत नाही. दुप्पट झाला तरी पुष्कळ. म्हणजे पंगतीला माणसे चौपट आणि पीठ दुप्पट. पोळी पातळ होणारच. शिवाय सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर तासाला पावणेसात जीबी जातात. ६४ जीबीचे कार्ड नऊएक तास पुरते. बिटरेट दुप्पट केला की साडेचार तासांत जुने पुसायला सुरुवात. तेव्हा कार्ड मोठे असेल तर फोर-के खुशाल ठेवावे; नसेल तर टेन-एटी ठेवून बिटरेट सर्वांत वरचा निवडावा. निम्म्या पोटी चार जेवण्यापेक्षा भरल्या पोटी एक बरा.

साठ फ्रेमचे म्हणाल, तर दिवसा ठीक. पण सेकंदाचे साठ तुकडे केले की प्रत्येक चित्राला फार तर एक साठांश सेकंद उजेड मिळतो. नगरहून रात्री येताना करंजीच्या घाटात मुळात उजेड आपल्या दिव्यांचाच. त्यात ही वाटणी परवडत नाही. तीस बरे. दिव्याच्या झोतात समोरची पाटी पांढरीफटक दिसते, म्हणून एक्स्पोजर किंचित खाली, उणे एक तृतीयांश. झाडांच्या सावलीतून उन्हात येताना एचडीआर कामाला येतो. रात्री मात्र तो कधीकधी दोन-तीन चित्रे एकत्र करताना पाटीवर एका आकड्याचे दोन करतो.

धक्का ओळखणारा जी-सेन्सर हा भलताच हळवा प्राणी. धक्का बसला की तो त्या वेळची फाईल कुलूप लावून ठेवतो, पुसू देत नाही. कारखान्यातून तो ज्या नाजूकपणावर येतो, तो बहुधा काचेसारख्या रस्त्यांच्या देशासाठी असावा. पहिल्या आठवड्यात आमच्या कार्डावर बावीस 'अपघात' निघाले. त्यांत अठरा आमच्या बोळातले गतिरोधक, तीन खड्डे, आणि एक सौ.नी रागाने लावलेले दार. असे कुलूपबंद तुकडे साचले की कार्ड भरते आणि खऱ्या प्रसंगाला जागा उरत नाही. सेन्सर 'लो'वर. आणि माईक बंद. तो सौ.चा निर्णय. "अहो, तुम्ही दुसऱ्या ड्रायव्हरांना काय काय म्हणता, ते कोर्टात वाजवायचंय का?" या युक्तिवादाला उत्तर नव्हते.

घड्याळ तेवढे चोख हवे. बॅटरी उतरली की काही कॅमेरे थेट एखाद्या जुन्या सालच्या १ जानेवारीला जाऊन बसतात. बँकेत तारखेविना चेक पास होत नाही, तर तारीख चुकलेली साक्ष कशी होईल? बँकेच्या खातेवहीचा उतारा कोर्टात चालतो, तो १८९१ च्या कायद्याने. पण त्यावर तो खरा असल्याचा दाखला लागतो. डॅशकॅमच्या चित्रफितीलाही २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली तसाच दाखला लागतो. वहीचे कुळ बदलले, शिरस्ता तोच.

शेवटचा प्रश्न होता वेगाच्या शिक्क्याचा. जीपीएस असले तर चित्रावर आपल्या गाडीचा वेगही उमटतो. मेहुणे म्हणाले, "दाजी, तो बंद ठेवा. उद्या आपल्याच अंगाशी यायचा." सल्ला व्यवहारी होता. पण फक्त दुसऱ्याची नावे बाजू लिहिणारी वही मी आयुष्यात कधी पाहिली नाही. शिक्का चालू ठेवला.

त्याचा परिणाम असा, की घाटात आता काटा चाळिशीच्या वर जात नाही. यात गणितही आहे. शटर एक तीसांश सेकंद उघडे राहिले, तर साठच्या वेगात तेवढ्या वेळात आपण ५५ सेंटिमीटर पुढे जातो. मोटारीची लांब पाटी ५० सेंटिमीटरची. बाजूने जाताना ती फरफटून वाचता येईनाशी होते. तीसच्या वेगात फरफट निम्मी. म्हणजे चित्र स्पष्ट करणारे मोठे सेटिंग मेनूत नाहीच, ते उजव्या पायाखाली आहे.

आणि दसरा-दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातले ऊसतोडीचे लोक बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून निघतात. मागे दोन ट्रॉल्या. भांड्यांवर गोधड्या, गोधड्यांवर झोपलेली पोरे. मागच्या ट्रॉलीला पुष्कळदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो आणि नंबरही नसतो. तिथे फोर-के काय वाचणार? तिथे चाळीसच्या वेगात ब्रेक लागतो, एवढाच उपयोग.

अशी आमची व्यवस्था. मेहुणे अजून फोन करून विचारतात, "दाजी, काही सापडलं का कॅमेऱ्यात?" मी सांगतो, अजून काही नाही. मेहुण्यांना वाईट वाटते. सौ. म्हणतात, "चार हजार फुकट गेले." मी मात्र हा खर्च वसूल झाला असे धरून चाललो आहे.